भायलीनं शिवायचं कापड

नातालीन मावशी, तुझं कापड माझ्याजवळच आहे. पहिल्यांदा हेच सांगते, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि हे राहून जाईल. पत्र्याच्या ट्रंकेत, माझ्या लग्नाच्या शालूखाली, तू बांधून दिलंस तसंच. सुतळीची गाठसुद्धा तुझीच. मी तुला पत्रात लिहिलं होतं की झगा शिवून झाला, आता पार्सल करते. खोटं लिहिलं होतं, मावशी. शिवला नव्हता. कापलासुद्धा नव्हता.

मिंगेलची तार इथे जबलपूरला तिसऱ्या दिवशी पोचली. पोस्टमनने दारातच वाचून दाखवली, कारण तार इंग्रजीत होती आणि माझं इंग्रजी तुला माहीत आहे. "मदर एक्सपायर्ड." तो विचारायला लागला, किसकी मदर? मी म्हटलं, मेरी मौसी. तो म्हणाला, सगी? मी काय सांगणार होते! दार लावून घेतलं. आणि पहिला विचार कसला आला असेल तर तू गेलीस याचा नाही, तुझ्या अंगात काय घातलं असेल याचा.

तू असतीस तर हसली असतीस. तुला हसायला काय, काहीही चालायचं.

मी सहावीतून शाळा सोडली तेव्हा आमच्या घरात कोणाला वाईट वाटलं नव्हतं. धाकटा भाऊ रांगायला लागला होता, आईला शेतावर जायचं होतं, त्याला धरायला कोणीतरी हवं होतं. दोन वर्षांनी तो पळायला लागला आणि मी रिकामी झाले, तेव्हा आईने मला तुझ्याकडे आणून सोडलं. माडांच्या पलीकडे तुझं कौलारू घर, समोर पांढरा क्रूस, त्याच्या पायथ्याशी अबोलीचं आळं. ओटीवर पायमशीन. तू मान वर न करता म्हणालीस, "हात दाखय." मी हात पुढे केले. "घामाचे हात. कापड मळतला. जा, धुवन ये."

त्याच दिवशी तुझी जाऊ कुंपणावरून डोकावून विचारत होती, हे कोणाचं पोर. तू तोंडातली टाचणी न काढता म्हणालीस, "कोंकण्यांचा चेडू. शिवणीक इला."

मी तो शब्द पहिल्यांदा तिथे ऐकला. आमच्याकडे कोणी स्वतःला कोंकणे म्हणत नाही. आम्ही आमच्या वाडीचे, आमच्या देवाचे, आमच्या आडनावाचे. मला वाटलं, काहीतरी वाईट बोलली. घरी येऊन आईला विचारलं तर ती म्हणाली, "किरिस्तांव आपणांक तसाच म्हणतत. तिचा म्हायार गोंयात, बार्देशात. थंयसून घेवन इली तो शब्द." एवढं सांगून ती भाताला गेली.

पुढे पाच वर्षं रोज ऐकला. तुझ्या बोलण्यात तो मिठासारखा असायचा. कोंकण्यांची चवथ इली, आता ब्लाउजांची घाई. कोंकण्यांचो उपास आसा, आज मासळी स्वस्त मेळतली. अमक्या कोंकण्याच्या दुकानात दोरो बरो मेळता. भटजींच्या घरचं परकर-पोलकं आलं तरी कोंकण्यांचं, दर्यावरच्या गाबितांच्या घरचं आलं तरी कोंकण्यांचं. आमच्या गावात जी माणसं एका पंगतीला कधी बसली नाहीत ती सगळी तू एका शब्दात बसवलीस आणि तुला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला मात्र गंमत वाटायची. एकदा मी तुला सांगितलंसुद्धा की भटणीला कळलं तू तिला आणि मला एकच नाव देतेस, तर ती ब्लाउज परत नेईल. तू म्हणालीस, "व्हरूं दी. माप माझ्याकडे आसा."

पण गंमत नेहमीच वाटायची असं नाही. मी वाढत्या वयाची होते, रोज तुझ्या ओटीवर बसून तुझ्या घरचा चहा प्यायची, मिंगेलच्या सदऱ्याची बटणं लावायची, तुझ्या कोंबड्या मोजून आत घालायची. आणि बाहेरचं कोणी आलं की मी पुन्हा कोंकण्यांचा चेडू. एका दुपारी मी तुला सरळ विचारलं, मावशे, कोंकणो म्हणजे कोण?

तू टीप मारता मारता म्हणालीस, "जो आयतवारी पाद्रीच्या मिसाक येणा नाय तो."

"मिंगेल तरी खंय येता? आयतवारी निजान रवता."

"तो आळशी. आळशी येगळो, कोंकणो येगळो."

"मी इलंय तर?"

"तर तू मिसाक इल्ला कोंकण्यांचा चेडू."

मी रडायच्या बेतात होते, तरी हसू आलं. मग मी जे विचारलं ते बरेच दिवस मनात होतं. शेजारच्या वाडीत त्याच महिन्यात एक बाई बाळंतपणात गेली होती, आमच्यातली. मी म्हटलं, मेल्यावर कोंकणे कुठे जातात? तुमच्या देवाकडे की आणखी कुठे?

तू मशीन थांबवलीस. मशीन चालू असताना तू कधी थांबवायची नाहीस, दोरा तुटेपर्यंत. चाकावर हात ठेवून बाहेर क्रुसाकडे बघत बसलीस. म्हणालीस, "पाद्री सांगता ता माका ठावक आसा. पण ता माका पटणा नाय. तुझी आजी खंय गेली आसात, ती काय वायट बाई होती?" मग बॉबीन माझ्याकडे सरकवून, "मी वर गेल्यार इचारतलंय. आणि तुका कळयतलंय. आता बॉबीन भर."

कळवायचं राहिलं, मावशे. तू विसरणारी नव्हेस. पण तिकडून काय पार्सल येत नाही, आणि माझ्याकडून गेलं नाही. फिटांफीट झाली म्हणायची.

आता आमच्या बाजूचं सांगते. तू ते जाणून होतीस, पण मी कधी तोंडाने कबूल केलं नाही. आमच्या पडवीत वाशाच्या आणि भिंतीच्या सांदीत एक कप असायचा, कान तुटलेला, त्यावर निळी वेल. तो तुझा. तू कापडाच्या निमित्ताने आमच्याकडे आलीस की आई वरून चहा ओतायची आणि तू पिऊन झाल्यावर स्वतः विसळून परत सांदीत ठेवायचीस. मी तुझ्या घरच्या कपात रोज चहा पीत होते तेव्हासुद्धा. एकदा कप जागेवर नव्हता, पोरांनी खेळायला नेला असेल. तू पडवीत उभी राहून मोठ्याने म्हणालीस, "गो, माझो कप खंय? भटान पिलो काय?" आई एवढी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. मग तिने तुला करवंटीत चहा दिला. आतला कप काही तिने काढला नाही. आणि मी दारात उभी होते. मीही काढला नाही.

तुम्हाला आमच्याकडे तोंडावर किरिस्तांव म्हणत आणि पाठीमागे बाटगे. तुझा शब्द तू माझ्या तोंडावर वापरायचीस, आमचा आम्ही तुझ्या पाठीमागे. यात कोणतं बरं, हे मी इतकी वर्षं तोलते आहे आणि मला अजून ठरवता येत नाही.

आंगणेवाडीच्या जत्रेला तू आमच्याबरोबर यायचीस ना, खाजं घ्यायला! आम्ही भराडीदेवीच्या रांगेत लागलो की तू बाहेर आंब्याखाली आमच्या सगळ्यांच्या चपला राखत बसायचीस. आई म्हणायची, कंटाळली असशील. तू म्हणायचीस, "भायलो माणूस लागताच गो. सगळी आत गेली तर चपलांक कोण?"

भायलो म्हणजे बाहेरचा. हा शब्द इथे जबलपुरात कोणाला कळणार नाही. तुझ्या तोंडून तो मी दोन वेळा असा ऐकला की विसरता येत नाही. त्यातली पहिली वेळ तुझ्या घोवाच्या हाडांची.

मी पंधरा वर्षांची होते. तुझा घोव, मिंगेलचा बाप, जहाजावर खानसामा होता, घरी येऊन आजारात गेला, ते मी तुझ्याकडे यायच्या आधीचं. तुमच्या सिमितेरीत पुरायला जागा थोडी, म्हणून तीन वर्षांनी फोंड उघडतात, हाडं काढून पांढऱ्या पिशवीत भरतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. हे मला तेव्हा कळलं. त्या दिवशी सकाळी तू पांढरं कापड माझ्यापुढे टाकलंस. "पिशवी शीव. दीड हात लांब, हात रुंद. तोंडाक नाडी."

मी म्हटलं, मी? तूच शीव ना. तुझी टीप माझ्यापेक्षा सरळ.

"घरचो माणूस रडत शिवता, टीप वाकडी पडता," तू म्हणालीस. "हेका भायलोच होयो. तू कोंकण्यांचा चेडू. तू काय माझ्या घोवाक बघूक नाय. तू सरळ शिवशीत."

मी शिवली. मावशी, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात सरळ टीप. एक धागा इकडे तिकडे नाही. तू पिशवी उलटी-सुलटी करून बघितलीस आणि पहिल्यांदा "उसव" म्हणाली नाहीस. नाहीतर तुझा तो एकच शब्द होता. कॉलर लावली, उसव. बाही बसली नाही, उसव. मी रडले तरी उसव, आणि रडून झालं की पुन्हा शीव. इथे मी आज चार घरची कापडं शिवते, माणसं म्हणतात मराठिनचा हात साफ आहे, तो हात तू उसवून उसवून केलेला आहे. शाळेने मला सहावीत सोडलं, तू नाही सोडलंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही. असं तोंडावर म्हणायची आपल्याकडे रीत कुठे आहे!

सिमितेरीच्या फाटकापर्यंत मी आले होते. आत तुम्ही सगळे गेलात, मी बाहेर चिऱ्याच्या गडग्याला टेकून उभी. तू बाहेर आलीस तेव्हा तुझे डोळे सुजले होते, आणि तू मला काय विचारलंस, तर "चपला राखलंस मां?" कोणाच्या चपला तिथे नव्हत्याच. घरी गेले तर आईने मला विहिरीवरच थांबवून डोक्यावरून दोन कळश्या ओतल्या. मग आत घेतलं.

तोपर्यंत मला भायली असण्यात कमीपणा वाटला नव्हता. उलट मी मोठं काम केलं असं वाटत होतं. वाटायला लागलं ते पुढल्या नाताळात.

तो नाताळ तुला आठवत असेल, मला तर उठता बसता आठवतो. दोन दिवस मी तुझ्या चुलीपुढे बसून नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्याच, वळल्या होत्या. घरी सांगितलं नव्हतं. वळता वळता खाल्ल्याही होत्या. मग तू ताटं लावायला बसलीस. एका बाजूला किरिस्तांवांची ताटं, त्यांत नेवऱ्या, दोदोल, केक. दुसऱ्या बाजूला कोंकण्यांची ताटं, त्यांत केळी, नारळ, तांदूळ, गूळ. कोरडं. वर तुझ्या हातचे क्रोशाचे रुमाल. आमच्या घरचं ताट तू दुसऱ्या ओळीतलं उचललंस आणि माझ्याच हातात दिलंस.

मी अर्ध्या वाटेपर्यंत गेले. पुढे पाऊल टाकवेना. ताट घेऊन परत आले. ओटीवर तुझी जाऊ होती, तिची सून होती, आणखी दोघी होत्या. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, "दोन दिस नेवरे मी वळले, आणि माका तांदूळ?"

तू म्हणालीस, "तुका नाय गो. घराक. तुझ्या घराक ह्याच जाता."

"कित्याक? आमी कोंकणे म्हणान? आणि तुमी कोण? बाटगेच मां!"

तुझी जाऊ उठून उभी राहिली. तू तिला हाताने बसवलीस. मग झग्याला हात पुसून माझ्याजवळ आलीस. मला वाटलं आता मारणार. बरं झालं असतं मारलं असतंस तर. तू ताटाची कड नीट केलीस आणि म्हणालीस, "सरळ धर. तांदूळ सांडतले."

एवढंच.

मी ताट घेऊन घरी गेले आणि आईसमोर आपटलं. आईला सगळं सांगितलं, बाटगे म्हटल्याचंही, थोडं फुशारकीनेच. आईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "गो शेवंत्या, ता मीच सांगलंय तिका. ती नवी लगीन होवन इली, पयल्या नाताळाक नेवरे घेवन इल्ली. तुझ्या आज्येन ताट भायर फेकल्यान. तेवा मी तिच्या पाया पडलंय, म्हटलंय, पुढच्या वर्साक कोरडा धाड बाय, माझ्या घरात वाद नको. तेवापासून कोरडा धाडता."

सगळ्या वाडीतल्या घरांना तू मग कोरडंच पाठवायला लागलीस. कोणाची सासू काय करील, कोणाला त्रास होईल. म्हणजे ती दुसरी ओळ तुझी नव्हतीच, आमची होती. आणि तू भर ओटीवर, चार बायकांदेखत, माझ्या तोंडून तो शब्द ऐकलास आणि आईचं नाव काढलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी आले. माफी मागायची म्हणूनच आले होते. तू माझ्यापुढे चिंधी टाकलीस, "आज काजां शिकवतंय." मी काजं शिकायला लागले. पहिलं काज वाकडं झालं. "उसव." तो दिवस गेला, मग आठवडा गेला, मग नाताळचा विषय काढणंच विचित्र वाटायला लागलं. मग माझं लग्न ठरलं.

लग्नाच्या चार दिवस आधी तू मला आतल्या खोलीत नेलंस. देवघर म्हणत नाहीस तू, ओरतोर म्हणतेस, त्याच्याखालची पेटी उघडलीस. हे कापड काढलंस. पांढरं, मऊ, चार वार. म्हणालीस, "ह्या माझ्या मरणाचा. झगो शीव. माप तुझ्या वहीत आसाच."

मी म्हटलं, असं काय बोलतेस.

"बोलूक नको तर काय? घालूक तरी लागतलो मां? आणि सैल शीव. खूप दिस घालूचो आसा." आणि स्वतःच हसलीस. मग म्हणालीस, "मिंगेलाच्या बायलेक सांगूचा नाय. ती रडत शिवतली. भायलीन शिवूचा ह्या. तू शीव."

ही दुसरी वेळ.

मावशी, मी तेव्हा हो म्हटलं, पण माझ्या मनात काय आलं ते आज सांगते. मला वाटलं, झालं. पाच वर्षं हिच्या ओटीवर काढली, आणि शेवटी भायलीच. हिच्या मरणाला रडणार नाही अशी कोण, तर मी. नाताळचा शब्द ही विसरलेली नाही, त्याचीच ही परतफेड. मी कापड ट्रंकेत टाकलं आणि जबलपूरला आणलं. पहिलं वर्षभर तर रागानेच बाहेर काढलं नाही.

राग कधी गेला ते सांगू? मुलीला शाळेत घालताना. इथे जवळची शाळा मिशनरी बायांची आहे. ह्यांना कारखान्यातून रजा नव्हती म्हणून मीच गेले. सिस्टर चांगली होती, केरळची, हळू बोलणारी. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, इधर नॉन-क्रिश्चन पे निशान लगाइए. मी लावलं. बाहेर भिंतीवर यादी लागली होती, त्यात माझ्या पोरीचं नाव त्याच मथळ्याखाली, पंजाबी, बंगाली, मारवाडी, सगळ्यांबरोबर. माझ्या पोरीला काही कमी केलं असं नाही, चांगली शिकते. पण मी त्या भिंतीपुढे उभी राहिले आणि मला तुझा आवाज ऐकू आला, कोंकण्यांचा चेडू. यादीतल्या शब्दाला फक्त आम्ही कोण नाही एवढं माहीत होतं. तुझ्या शब्दाला आमची चवथ माहीत होती, उपासाचे वार, कोणाच्या घरी काय चालतं आणि काय फेकलं जातं तेही. तो शब्द मला बोचायचा, खोटं कशाला बोलू. अजूनही मी तो माझ्या पोरीसाठी मागणार नाही. पण इथे मला नळावर बंबईवाली म्हणतात, आणि मुंबई मी गाडी बदलण्यापुरती बघितली आहे. मला कोंकण्यांचा चेडू म्हणणारं ह्या सगळ्या मुलखात कोणी नाही. आता तिकडेही नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी कापड बाहेर काढलं. गाठ सोडायला घेतली आणि हात थांबला. राग नव्हता, तर भीती वाटली. मला वाटलं, हा झगा शिवून झाला की तू घालशील. शिवलाच नाही तर तुला थांबावं लागेल. हसू नको. मी सहावीतून सुटलेली बाई, माझं गणित असंच. दर पत्रात तू विचारायचीस, शिवलंस काय गो? मी लिहायची, बाही राहिली आहे. मग लिहिलं, काज राहिलं आहे. मग मिंगेलच्या हातून तू लिहवलंस, छातीत दुखतं, आता पाठव. तेव्हा मी घाबरून लिहिलं, झाला, पार्सल करते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापडापुढे बसले आणि पुन्हा ट्रंक लावली.

काल मिंगेलचं आंतर्देशीय पत्र आलं. जिल्हा सिंधुदुर्ग असं ठळक लिहितो तो आता. मी अजून तुझ्या पाकिटावर रत्नागिरीच लिहायची, तरी तुला पोचायचं. त्याने लिहिलंय, शेवटच्या सकाळीसुद्धा तू विचारलंस, शेवंत्याचा पार्सल इला? तो सायकलने पोस्टात जाऊन आला. तू गेल्यावर दुपारी पुन्हा गेला. पाद्रीला चारची वेळ दिली होती, ती पाचची केली, कारण चारच्या एसटीने टपालाची थैली येते. थैलीत नव्हतं. मग तुला फेस्ताचा, सणावारी घालायचीस तो, निळा झगा घातला. त्याची बाही मीच एकदा उसवून सैल केली होती, एवढं मला आठवतं. एवढ्यावरच मी कालपासून आहे.

मिंगेल रागावलेला नाही, म्हणून जास्त लागतं. लिहितो, "तुला सवड झाली नसेल, आई तसंच म्हणाली. ते कापड परत पाठवू नको. तीन वर्षांनी फोंड उघडतील तेव्हा पिशवी लागेल. ती त्याचीच शीव. आई म्हणायची ना, भायल्या माणसाने शिवायची. तूच शिवशील ना?"

आज दुपारी पोरगी शाळेत असताना मी कापड काढलं. तुझी गाठ सोडली नाही, कात्रीने सुतळी कापली आणि गाठ तशीच डब्यात ठेवली. दीड हात लांब, हात रुंद, खडूने आखलं. रेघ सरळ आली. मशीनवर बसले. मला वाटलं होतं की जमेल, इतकी वर्षं झाली, शेकड्यांनी ब्लाउज शिवले. अर्ध्यावर मला सुईच दिसेना. पाय चालत राहिले. थांबवलं नाही, दोरा तुटेपर्यंत मशीन थांबवायची नाही असं तूच शिकवलंस. टीप कुठल्या कुठे गेली, मावशे. खडूची रेघ एकीकडे आणि टीप एकीकडे.

तुझा आवाज आला, उसव.

मी बराच वेळ पिशवी मांडीवर घेऊन बसले. उसवायची पिन समोर होती. मग तोंडाला नाडी ओवली आणि घडी घातली.

मिंगेलला कार्ड लिहिलं आहे. उद्या टाकीन. त्यात एवढंच आहे की पिशवी शिवली, टीप वाकडी आली आहे, कोणी उसवू नका.